लेकराच्या स्मरणार्थ देणगी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘मुलांचा कॅन्सर बरा होतच नाही, मग पैसे कशाला घालवायचे?’ मूल गमावलेल्या आईबापांनी त्याच्या नावाने निधी उभारायचं ठरवलं की हा प्रश्न हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जातं. उशिरा झालेलं निदान आणि अर्धवट सुटलेले उपचार ही त्यामागची मोठी कारणं आहेत.

‘औषधांचे पैसे भरले की झालं’ हा समज मला जास्त घातक वाटतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कॅन्सर घ्या. त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि बरेचसे ओपीडीतच होतात. म्हणजे वॉर्डात खाट नाही, पण पहिले कित्येक महिने शहरही सोडता येत नाही. बीड किंवा गडचिरोलीहून परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या कुटुंबाने राहायचं कुठे? इकडे बापाची मजुरी बुडते, तिकडे गावी धाकटी भावंडं आजीकडे. त्यात केमोने पांढऱ्या पेशी घटल्या, की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. फुटपाथवर ते मूल टिकणार कसं? मग थोडं बरं दिसताच त्याला घरी नेतात आणि आजार उलटतो. मुंबईत २००६ साली सुरू झालेली ‘सेंट ज्यूड इंडिया’ची केंद्रं अशा कुटुंबांना मोफत आसरा देतात. खोलीचं भाडं, प्रवासखर्च, शिधा यांसाठी दिलेला पैसा हा उपचारावरचाच खर्च आहे.

वाढदिवसाला वॉर्डात केक-खेळणी वाटण्यामागची माया खरी असते. पण गर्दी आणि बाहेरचं खाणं या मुलांना बाधू शकतं. आधी विचारून जा. त्यापेक्षा प्लेटलेट द्या. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे दाते सतत लागतात.

‘रक्कम मोठीच हवी’ हेही खरं नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरग्रस्त अ‍ॅलेक्स स्कॉटने २००० साली, वयाच्या चौथ्या वर्षी, कॅन्सर झालेल्या मुलांसाठी पैसे जमवायला लिंबू सरबताचा ठेला मांडला. २००४ मध्ये ती गेली, तोवर दहा लाख डॉलर जमले होते. तिच्या आईवडिलांनी ते काम पुढे चालू ठेवलं.

पैसे मात्र संस्थेच्याच खात्यात भरा आणि पावती घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही. सोबतच्या पत्रात मुलाचं नाव आणि पैसा कशासाठी वापरायचा, हे स्पष्ट लिहा.