ताजी मासळी आणि डब्यातील मासळी

समुद्र घाटाच्या पलीकडे ठेवून राहणाऱ्या नगरकरांपुढे मासळीवर बोलणे कोणास विनोदाचे वाटेल. परंतु हा विषय आमच्यापुढे एका प्रश्नातून उभा राहिला, आणि त्या प्रश्नाला आम्ही चुकीचे उत्तर दिले होते.

विडी कामगार भगिनींची सभा संपल्यावर एक बाई मागे थांबल्या. लेकीच्या अंगात रक्त कमी. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर मासळी, अंडी खाण्यास सांगितलेले. "भाऊ, ताजी मासळी दरवेळी कुठली मिळायची? दुकानात डब्यातली आहे. ती शिळी असते ना? लेकीला देऊ का?" आम्ही ऐटीत म्हणालो, "अक्का, त्या डब्यातल्या शिळ्या अन्नात सत्त्व कसलं?" बाई निमूट निघून गेल्या. रात्री मात्र मनाला टोचणी लागली. हे आम्हांला कोणी सांगितले होते? कोणीच नाही. मग वाचनालयातील आहारशास्त्राची पुस्तके काढली, तेव्हा आमचे अज्ञान पानोपानी उघडे पडले.

प्रथम डबा म्हणजे काय ते पाहू. लष्कराच्या शिध्याची अडचण छावणीच्या गावास सांगावयास नको. फ्रान्समध्येही हीच अडचण होती. निकोला आपेर नावाच्या स्वयंपाक्याने असे दाखविले की, बरणीत अन्न घालून, तोंड घट्ट बंद करून ती उकळत्या पाण्यात ठेवली, तर अन्न महिनोन्महिने टिकते. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकांचे बक्षीस दिले. आज मासळी साफ करून डब्यात भरतात, डबा हवाबंद करतात आणि दाबाखालील वाफेने सुमारे ११५ ते १२१ अंशांपर्यंत तापवितात. आतील जंतू मरतात, बाहेरचे शिरू शकत नाहीत. अन्न नासते ते जंतूंमुळे. जेथे जंतूच नाहीत तेथे नासणार काय?

आता सत्त्वाचा हिशेब. सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या जातीची मासळी, डब्यातून काढून तेल निथळले, तर १०० ग्रॅममध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने भरतात. ताज्या कच्च्या मासळीत ती साधारण १८ ते २० ग्रॅम असतात. कारण तिच्यात पाणी अधिक. हृदयास हितकर स्निग्धांश, ड जीवनसत्त्व आणि रक्तास लागणारे ब-१२ हेही बहुतांशी टिकतात. उष्णतेने ब-१ बरेचसे कमी होते, हा तोटा खरा. पण ताजी मासळी तरी आपण कच्ची कोठे खातो? तिचेही कालवण करतोच. उलट डब्यात काटे मऊ होतात. ते काट्यांसकट खाल्ले तर १०० ग्रॅममागे ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. ताज्या मासळीचे काटे आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो! डब्यात मीठ मात्र अधिक असते. रक्तदाबाच्या माणसाने ते ध्यानात ठेवावे.

'ताजी' या शब्दाचीही झडती घेतली पाहिजे. समुद्रातील मासळी बर्फात घाट चढून नगरास येते. वाटेत बर्फ वितळला, तर बांगडा-तारलीत हिस्टामिन नावाचे द्रव्य साचते, आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणून कल्ले लाल, डोळे तेजदार आणि बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येणारे असेल, तरच मासळी घ्यावी. हेच हिस्टामिन डब्यातही नष्ट होत नाही; तेव्हा डबा वाईट मासळीला चांगली करीत नाही. आणि फुगलेला डबा उघडूही नये, टाकूनच द्यावा.

मुळा धरणातील रोहू-कटला जवळचा. प्रथिनांत तो कमी नाही, स्निग्धांश मात्र तारलीहून कमी. आणि आठवडे बाजारातील सुके बोंबील विसरू नका. ताज्या बोंबलात नऊ दशांश पाणीच असते. सुक्या बोंबलाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम प्रथिने भरतात. उन्हात केलेला तो गरिबाचा डबाच नव्हे काय?

म्हणून विकत घेताना हिशेब असा करावा: ताज्या मासळीतून डोके, आतडी, काटे वजा करा, डब्यातून तेल-पाणी वजा करा, मग खाण्याजोग्या वजनाचा भाव काढा. त्या आठवड्यात जे स्वस्त आणि निर्धोक, ते आणा.

आम्ही त्या बाईंकडे गेलो आणि चूक कबूल केली. डब्यातली द्या, बोंबील द्या, वर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा नको, आणि डॉक्टरांच्या गोळ्या थांबवू नका, असे सांगितले. त्या म्हणाल्या, "ते कळलं भाऊ. पण हजार विड्यांच्या मजुरीत हे बसवायचं कसं?"

याचे उत्तर वाचनालयात नव्हते. ते मिळविण्यासाठी तर आमची संघटना आहे. पण निदान आमच्या अडाणी सल्ल्यामुळे कोणाच्या ताटातला घास जाऊ नये, एवढे तरी आमच्या हाती होते.