पडद्यावरचा बांध

शेजाऱ्याचा बांध कोरणे हा ग्रामीण महाराष्ट्रातील फार जुना आणि फार सावकाश चालणारा अपराध आहे. यंदा नांगराचे एक तास बांधाच्या पोटात घालायचे, पुढच्या वर्षी आणखी एक. दहा-बारा वर्षांत हातभर जमीन इकडची तिकडे होते आणि दिवाणी न्यायालयात एक दावा जन्माला येतो. या अपराधाला निदान औत लागते, धीर लागतो आणि मुख्य म्हणजे तो दिसतो. जाणारा-येणारा बांधाकडे पाहून काय ते समजतो. संगणकाच्या पडद्यावर हाच बांध माऊसच्या एका ओढीने सरकतो, आणि तो सरकला हे कोणाच्या लक्षात येईलच असे नाही. जमिनीचे नकाशे कागदावरून संगणकात नेण्याचे काम देशभर चालू असताना या फरकाचा विचार व्हावा तितका झालेला नाही.

नकाशाच्या संगणक-प्रणालीत सारे जग तीन आकारांत बसवले जाते. विहीर किंवा हद्दीचा दगड हा बिंदू, रस्ता किंवा ओढा ही रेषा, आणि शेत वा घराची जागा हा बहुभुज. प्रत्येक आकारामागे तक्त्यातील एक ओळ असते. तीत गट क्रमांक, क्षेत्र, धारकाचे नाव अशा गोष्टी भरल्या जातात. २००२ साली गॅरी शर्मन यांनी सुरू केलेली क्यूजीआयएस ही विनामूल्य प्रणाली कोणाही विद्यार्थ्याला उतरवून घेता येते. तीत पेन्सिलीचे चिन्ह दाबल्यावाचून काही बदलता येत नाही. ते दाबले की शेताच्या एकेका कोपऱ्यावर टिचकी मारत जायचे आणि शेवटी उजवी कळ दाबायची, की बहुभुज पुरा होतो. कोपरा चुकला तर तो धरून हलवता येतो. मधून रेघ ओढली की एका आकाराचे दोन होतात. दोन निवडून जोडले की एक होतो. भूमि अभिलेख खात्यातील जुन्या कारकुनाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पहिल्याला तो फाळणी म्हणतो, दुसऱ्याला एकत्रीकरण.

साम्य मात्र येथेच संपते. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी पद्धत घालून दिली, तीत मोजणी आधी आणि आकृती नंतर असा क्रम होता. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर हे कोष्टक त्याच पद्धतीतले. मोजणीदार शेतात उभा राहून अंतरे टिपणात लिहीत असे. नकाशा त्या आकड्यांवरून तयार होई. म्हणून नकाशा फाटला, आक्रसला, तरी टिपणातील आकडे आक्रसत नसत. आज जुन्या गावनकाशाची प्रतिमा पडद्यावर घेऊन तिच्यावरून रेषा गिरवली जाते तेव्हा हा क्रम उलटतो. आकृती आधी येते आणि माप तिच्यातून काढले जाते. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५ मीटर. शंभर मीटर लांबीच्या बांधावर एवढी रेघ सरकली तर ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ५ गुंठे, एका गटातून दुसऱ्या गटात जातात. रेघ गिरवणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी त्याच्या हातात अर्ध्या मिलिमीटरचा कंप असतोच. प्रणाली मात्र क्षेत्र दशांशाच्या चार स्थळांपर्यंत सांगते, आणि एवढ्या बारकाईने सांगितलेला आकडा खोटा असू शकतो यावर सामान्य माणसाचा विश्वास बसत नाही.

दुसरी अडचण शेजारधर्माची आहे. लागून असलेली दोन शेते वेगवेगळी गिरवली की त्यांच्या सामाईक हद्दी तंतोतंत जुळत नाहीत. कोठे चिंचोळी फट राहते, कोठे एक आकार दुसऱ्यावर चढतो. रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात कॅनडात अशी पहिली मोठी प्रणाली उभी राहिली. एकावर एक नकाशे चढवणाऱ्यांना तेव्हापासून या फटी छळत आल्या आहेत. त्यावर उपाय म्हणजे स्नॅपिंग. ठरावीक अंतराच्या आत आलेला नवा कोपरा जुन्या कोपऱ्याला आपोआप जाऊन चिकटतो. दोन आकारांत फट राहू नये असा नियमही प्रणालीला घालून देता येतो. मग ती अशी प्रत्येक फट चूक म्हणून दाखवते.

उपाय चांगला आहे. पण गावाच्या शिवारात दोन शेतांमधली प्रत्येक फट ही चूक नसते. कित्येकदा ती पाणंद असते. चिकटण्याचे अंतर थोडे सैल ठेवले आणि दोन्ही बाजूंचे बांध एकमेकांना जाऊन मिळाले, तर पडद्यावरून गाडीवाट नाहीशी होते आणि दोन्ही शेतांचे क्षेत्र थोडे थोडे वाढते. ज्यांचे क्षेत्र वाढले ते तक्रार करणार नाहीत. ज्याची वाट गेली तो म्हणजे सारा गाव, आणि साऱ्या गावाचे काम ते कोणाचेच काम नव्हे. सामाईक मालमत्तेचे अर्थशास्त्र शिकवताना चराऊ कुरणाचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्याऐवजी पाणंदीचे द्यायला हरकत नाही. फट ही चूक की वाट, हे प्रणालीला कळत नाही. त्यासाठी कोणीतरी जागेवर जाऊन पाहावे लागते, आणि तो खर्च टाळण्यासाठीच तर पुष्कळदा प्रणाली आणलेली असते.

मिळकतीच्या अधिकारात बदल करण्याची रीत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये सांगितली आहे. तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, फेरफाराची नोंद धरायची, चावडीवर नोटीस लावायची, हितसंबंधितांना कळवायचे, हरकत आली तर वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यायची आणि मग वरिष्ठाने ती प्रमाणित करायची. ही रीत संथ आहे, तिच्यात खेटे आहेत, आणि त्या खेट्यांची किंमत गरिबाला अधिक पडते. हे सारे खरे. परंतु सातबारावरील एक नाव बदलायला जर एवढे सोपस्कार लागतात, तर त्याच गटाच्या आकाराचा कोपरा हलवायला त्याहून कमी लागावेत हे कोणत्या न्यायाने? नाव आणि आकार या एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत.

संपादनाच्या साधनाचा स्वभाव येथे आड येतो. काम चालू असताना केलेला प्रत्येक बदल मागे घेता येतो. एकदा ‘जतन करा’ म्हटले की मागे जाण्याची ती यादी पुसली जाते. साध्या शेपफाइलमध्ये नवा आकार राहतो, जुना राहत नाही. कोणी, केव्हा, कोणत्या कागदाच्या आधारे बदलले याचा मागमूसही राहत नाही. वाण्याच्या दुकानातला मुनीमसुद्धा असे करीत नाही. रोजकीर्दीतली चुकीची नोंद तो खोडत नाही. उलट नोंद घालून ती फिरवतो, म्हणजे चूकही राहते आणि दुरुस्तीही. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशात नेमकी हीच शिस्त आहे. तेथील प्रत्येक बदलाला संपादकाचे खातेनाव आणि वेळ चिकटलेली असते, जुन्या आवृत्त्या राहतात आणि कोणालाही पाहता येतात. ज्या नकाशावरून कोणाच्या मालकीचा निवाडा होत नाही त्याची रोजकीर्द इतकी उघडी असावी, आणि ज्यावरून होतो त्याबाबत खातेदाराने जुना आकार मागितला तर तो देण्याचा स्वतंत्र हक्क त्याला नसावा, ही विसंगती खटकणारी आहे. नोंद प्रणालीच्या पोटात कोठेतरी असणे पुरेसे नाही.

२४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत आकार निर्माण करण्याची रीत त्यामानाने चांगली आहे. ड्रोन उडवण्यापूर्वी गावठाणातील जागांच्या हद्दी लोकांच्या समक्ष चुन्याने आखल्या जातात, मग चित्रांवरून नकाशा होतो, त्यावर हरकती ऐकल्या जातात. शेजारी हजर असतो, हा यातला मोठा गुण. तरीही ड्रोनला वरून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. पडवीचे पत्रे भिंतीबाहेर दीड-दोन फूट आलेले असले तर रेघ वळचणीवरून काढायची की भिंतीवरून, हे पडद्यापुढे बसलेल्याला जागेवरची माहिती असल्याशिवाय ठरवता येत नाही. पागोळीचे पाणी कोणाच्या जागेत पडते यावरून भाऊबंदकी झालेल्या गावांना यातले गांभीर्य समजावून सांगावे लागणार नाही. आणि सनद मिळाल्यानंतर वाटण्या होतील, भिंती पडतील, नव्या उठतील. त्या वेळी चुन्याची फक्की आखायला कोणी येणार नाही. बदल पडद्यावरच होईल.

यासाठी लागणारी व्यवस्था फार खर्चाची नाही. आकार बदलण्यापूर्वी त्या हद्दीला लागून असलेल्या प्रत्येक धारकाला नोटीस जावी. बदलाच्या नोंदीत मोजणी प्रकरणाचा क्रमांक असल्याशिवाय प्रणालीने तो जतन करूच नये. नक्कल देताना तीवर आवृत्तीची तारीख छापावी, आणि आधीच्या आवृत्तीची नक्कलही त्याच शुल्कात मिळावी. सातबाराचे क्षेत्र आणि बहुभुजाचे क्षेत्र जुळत नसेल तेव्हा दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवावेत. आकडा जुळेपर्यंत रेघ सरकवण्याचा मोह हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे, कारण तशी जुळवलेली रेघ सर्वांत निर्दोष दिसते. भूसंपादनाचा मोबदला चौरस मीटरने ठरतो तेव्हा त्या निर्दोषपणाचे पैसे कोणाच्या तरी खिशातून जातात.

२०२१ पासून जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला भू-आधार नावाचा १४ अंकी क्रमांक देण्याचे काम सुरू झाले आहे. हा क्रमांक त्या तुकड्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून बनतो. म्हणजे पडद्यावरचा कोपरा ही आता नुसती रेघेची बाब राहिलेली नाही. दोन भावांत शेत वाटले गेले की दोन नवे तुकडे आणि दोन नवे क्रमांक होतील. वाटणीवर हरकत घेणाऱ्या बहिणीला मूळ शेताचा आकार व क्रमांक कोठून आणि किती वर्षांपर्यंत मिळेल, हे वाटणी होण्याच्या आधी ठरलेले असले पाहिजे.