सॅक्सोफोन आणि त्याचे मास्तर

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आणि संत सोनाजी महाराजांच्या नावाने वऱ्हाडात ओळखले जाणारे सोनाळा, किंवा संग्रामपूर तालुक्यातील त्याच्या आसपासची कोणतीही वस्ती घेतली, तरी लग्नसराईत वरातीपुढे चालणाऱ्या बँड पार्टीतला क्लॅरिनेटवाला जे सुरेल तुकडे आळवतो, त्यांतील कित्येक मुळात सॅक्सोफोनसाठी बांधलेले असतात. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात वाजलेली फुंक रेडिओवाटे खेडोपाडी पोचली, बँडवाल्यांनी ती कानाने टिपली आणि हाती असलेल्या वाद्यावर उतरवली. या परदेशी वाद्याच्या आपल्या मुलखातील प्रवासाचा मी जितका विचार करतो, तितके माझे मत दृढ होत जाते की ते येथे रुजले याचे श्रेय हॉटेलांतील झगमगाटापेक्षा, ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाहीत अशा चिकाटीच्या मास्तरांना अधिक आहे.

सॅक्सोफोनचे अंग पितळेचे, पण शास्त्रकार त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत करतात. कारण त्याचा नाद तुतारीसारखा ओठांच्या थरथरण्यातून निघत नाही, तर मुखनळीला बांधलेल्या, बोरूच्या जातीच्या गवतापासून केलेल्या एका पातळ रीडच्या कंपनातून निघतो. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सर्वत्र सारख्याच रुंदीची असल्याने वरच्या सुरांत जाताना त्याचा स्वर एकदम बाराव्या स्थानी उडी घेतो, आणि म्हणून वादकाला खालच्या व वरच्या सुरांसाठी बोटांच्या दोन निरनिराळ्या रचना पाठ कराव्या लागतात. सॅक्सोफोनची नळी मात्र वरून खाली शंकूप्रमाणे रुंदावत जाते. त्यामुळे तीच बोटे ठेवून अंगठ्याजवळची चावी दाबली की तोच स्वर नेमका वरच्या सप्तकात उमटतो. सप्तकाच्या हिशेबाने विचार करणाऱ्या भारतीय मनाला ही रचना किती सोयीची आहे हे सांगावयास नको. खरी अडचण मींडेची. चाव्यांनी झाकल्या जाणाऱ्या छिद्रांवरून बोट घसरवता येत नाही, तेव्हा एका स्वरातून दुसऱ्यात वाहत जाण्याचे काम ओठांचा दाब, जबडा आणि श्वास यांनाच करावे लागते. आणि ही विद्या पुस्तकातून येत नाही, समोर बसून ऐकवणारा गुरूच लागतो.

वाद्याचा जनक ॲडॉल्फ सॅक्स याला हे पुरते ठाऊक होते. बेल्जियममधील दिनां या गावी 1814 साली जन्मलेल्या या कारागिराने 1846 मध्ये पॅरिस येथे आपल्या वाद्याची सनद मिळवली. प्रतिस्पर्धी कारखानदारांनी त्याला वर्षानुवर्षे कज्ज्यांत गुंतवले, तीन वेळा त्याचे दिवाळे निघाले, आणि तरीही 1857 पासून पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात फौजेच्या वादकांना शिकविण्याचे काम तो करीत राहिला. 1870 च्या युद्धाने तो वर्ग बंद पडला, आणि त्याच महाविद्यालयात सॅक्सोफोनचा वर्ग पुन्हा उघडण्यास 1942 साल उजाडावे लागले. मास्तर गेला की वाद्य कसे पोरके होते, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

आपल्याकडे ही परंपरा दोन वाटांनी आली. एक वाट गोव्याची. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकविण्याचा जो शिरस्ता पडला, त्यातून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या हॉटेलांत, आणि तेथून चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरले. 1935 मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णी अमेरिकन वादकाचा संच ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हा त्याच्याकडून जॅझ उचलणारे कान अगोदरच घडलेले होते. याच गोमंतकीय मातीतले सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी लुई बँक्स यांच्या साथीने रागांची अंगे जॅझमध्ये मुरवण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे मोल आपण अजून ओळखलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

दुसरी वाट पलटणींच्या व कारखान्यांच्या बँडची, आणि तिचा सर्वोत्तम वाटसरू म्हणजे मनोहारी सिंग. 1931 मध्ये कलकत्त्यात एका नेपाळी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाच्या घरी बँडचा वारसा होता. बाटा कंपनीच्या बँडमध्ये जोसेफ न्यूमन या हंगेरियन संचालकाच्या हाताखाली त्याने वाद्यसंगीताची शिस्त अंगी बाणवली. 1958 च्या सुमारास तो मुंबईस आला आणि तेथेच त्याची हयात गेली. ‘गाइड’ (1965) आणि ‘आराधना’ (1969) या चित्रपटांच्या गाण्यांतील त्याचा आल्टो सॅक्सोफोन ऐकावा: स्वर कोठेही कर्कश होत नाही, गायकाच्या ओळीला अडवीत नाही, आणि ओळ संपताच जणू तिचेच उरलेले वाक्य पुरे करतो. राहुल देव बर्मन यांच्या संचात संगीत-संयोजक म्हणूनही त्याने दीर्घकाळ काम केले. 2010 मध्ये मुंबईत त्याचे निधन झाले.

अमेरिकेत ग्रोव्हर वॉशिंग्टन (ज्युनियर) आणि त्यांच्यामागून केनी जी यांनी ज्या मृदू, संथ शैलीला लोकप्रिय केले आणि जिला ‘स्मूद जॅझ’ म्हणतात, तिच्याशी मनोहारींच्या फुंकीचे नाते कानाला जाणवते, मात्र त्यांची ही गाणी त्या शैलीच्या बहराच्या आधीची आहेत. जाणकार या शैलीला सवंग म्हणून बाजूस सारतात. मला तो न्याय वाटत नाही. एकच स्वर मंद आवाजात, न थरथरता, पूर्ण श्वासभर टिकविणे हे जलद ताना फेकण्याहून अवघड आहे, आणि म्हणूनच सॅक्सोफोनचा शिक्षक नवशिक्याला प्रथम दीर्घ स्वरच घोटायला लावतो.

आणि मींडेचा तो प्रश्न? त्याचे उत्तर मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथ यांनी दिले. नादस्वरवादकाच्या या मुलाने मैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला, आणि गोपालकृष्ण अय्यर व पुढे मद्रासला टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्यापाशी बसून कर्नाटक संगीताच्या गमका त्या चाव्यांच्या यंत्रातून काढण्यास वर्षानुवर्षे वेचली. वाद्याच्या रचनेतही त्यांनी फेरफार केले. 1980 मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांच्यासह त्यांनी वादन केले, आणि 1994 साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये त्यांची मैफल झाली.

सोनाळ्याच्या एखाद्या मुलाने आज हे वाद्य शिकायचे म्हटले, तर त्याने प्रारंभ कोठून करावा? मी तरी त्याला आसपासच्या बँड पार्टीच्या मास्तरांकडे क्लॅरिनेट शिकण्यास पाठवीन. रीड ओली कशी करावी, खालचा ओठ दातांवर दुमडून मुखनळी कशी धरावी आणि श्वास पोटातून कसा सोडावा, हे सारे तेथे मिळते. क्लॅरिनेटच्या वरच्या सुरांची बोटे सॅक्सोफोनच्या बोटांशी बहुतांशी जुळतात, तेव्हा पुढे आल्टो हाती आला की त्याला नव्याने शिकावे लागेल ते मुख्यत्वे मुखनळीवरील ओठांची सैल पकड.