वादळामागून आलेली चित्रं

१६ ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळानं बंगालचा मिदनापूर किनारा झोडपून काढला. खारं पाणी भातशेतात शिरलं, गुरंढोरं वाहून गेली. पुढल्या वर्षी बंगालात पडलेला दुष्काळ एकट्या वादळाचा नव्हता. युद्ध, साठेबाजी आणि बेफिकीर सरकार यांचा त्यात मोठा वाटा होता. पण मिदनापूरची कंबर आधीच मोडली होती.

१९४३ च्या नोव्हेंबरात चित्रकार चित्तप्रसाद या भागात गावोगाव हिंडले. हाडांचे सापळे झालेली माणसं त्यांनी काळ्या शाईत उतरवली आणि जमेल तिथं माणसाचं नाव, गावही लिहून ठेवलं. त्यांची 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका सरकारनं जप्त करून नष्ट केली. चित्राला सत्ता घाबरली याचा याहून चांगला दाखला कुठला? त्याच वर्षी कलकत्त्याच्या फुटपाथवर मरणारी माणसं चित्रकार झैनुल आबेदिन स्वस्तातल्या कागदावर रेखाटत होते.

झैनुल पुन्हा अशा चित्राकडे वळले ते १९७० मध्ये. १२ नोव्हेंबरच्या रात्री भोला चक्रीवादळानं पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर तीन ते पाच लाख बळी घेतले. इस्लामाबादची मदत रेंगाळली आणि त्याचा राग डिसेंबरच्या निवडणुकीतही दिसला. झैनुल मनपुरा बेटावर गेले. त्यातून 'मनपुरा-७०' ही सुमारे तीस फूट लांबीची गुंडाळी झाली: माणसांची आणि गुरांची प्रेतं, एकात एक अडकलेली. एवढं मरण एका चौकटीत मावणारं नव्हतंच. लांब पट उलगडत गोष्ट सांगायची बंगालची जुनी रीत इथं उपयोगी पडली असावी, असं मला वाटतं.

ती रीत अजून जिवंत आहे. पश्चिम मिदनापूरमधल्या नया गावच्या पटुआ चित्रकारांनी २००४ च्या त्सुनामीवर पट रंगवले. पट उलगडत ते त्याचं गाणंही म्हणतात. आपल्याकडचे, कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी मात्र बहुतांशी रामायण-महाभारतातच रमले.

चित्तप्रसाद १९४६ च्या सुमारास मुंबईत आले आणि अनेक वर्षं अंधेरीत राहिले. तिथून जवळच, सांताक्रूझला, २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाची छायाचित्रं ढिगानं आहेत. पण 'मनपुरा-७०'च्या शेजारी ठेवावं असं चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही.