पंचमच्या मांडीला मांडी लावून बसलेली माणसं

वाशीमहून पुसदकडे जाताना लागणाऱ्या अनसिंगात लग्नसराईत बँड वाजतो, तेव्हा राहुल देव बर्मनची, म्हणजे पंचमची, एखादी चाल निघाली नाही असं सहसा होत नाही. चाल निघाली की गाणं कुणाचं ते सांगणारे दहा जण भेटतील. किशोरकुमार, आशा भोसले, सिनेमा अमुक, नट तमुक. वऱ्हाडातल्या गावागावांत ही माहिती रेडिओनं पोचवली आणि रेडिओवरचा निवेदक तीनच नावं घेई: गायक, गीतकार, संगीतकार. चालीच्या खाली सतत खरखरणारा जो एक आवाज असतो, खाच पाडलेल्या नळीवर काडी घासल्यासारखा, तो कुणाच्या हातचा हे कुणी सांगत नसे. त्या वाद्याला रेसो-रेसो म्हणतात आणि पंचमच्या ताफ्यात ते वाजवणाऱ्या मराठी माणसाचं नाव अमृतराव काटकर. हे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते चाहत्यांमुळे. कुठल्या कंपनीनं ते छापलं नव्हतं, कुठल्या सरकारी दप्तरात ते नव्हतं. चाहत्यांनी जाऊन विचारलं, जुन्या वादकांनी आठवून सांगितलं आणि हे दोघं भेटले नसते तर आपल्या सिनेसंगीताचा निम्मा इतिहास बिननावाचा राहिला असता. या आठवणींकडे आपण अजून गमतीदार किस्से म्हणून पाहतो. त्या पुरावा आहेत, आणि पुराव्याला जी शिस्त लावायची तीच त्यांना लावायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

कागद का नाहीत, हे आधी पाहायला हवं. त्या काळात मुंबईत ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याचा मेहबूब अशा स्टुडिओंत गाणं ध्वनिमुद्रित होई, तेव्हा गायक आणि वादकांचा ताफा एकाच वेळी वाजवत-गात असे. एकाचा सूर घसरला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. वादक रोजंदारीवर येत. सकाळी एका संगीतकाराकडे, दुपारी दुसऱ्याकडे. काम झालं, पैसे मिळाले, माणूस घरी गेला. तबकडीवर गायकाचं, संगीतकाराचं आणि चित्रपटाचं नाव येई, सॅक्सोफोनवाल्याचं येत नसे. स्वरलेखनाचे कागद ध्वनिमुद्रण झालं की रद्दी होत. कानपूरला बँकेत नोकरी करणाऱ्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपट गीतांचा कोश रचायला घेतला म्हणून गाण्यांची तरी नोंद झाली. तेही काम चाहत्याचंच. पण गाण्याच्या आतली माणसं कोशात मावणारी नव्हती. ती जिवंत होती आणि त्यांच्याकडे आठवण होती, एवढाच आधार.

पंचमच्या बाबतीत या आठवणीला विशेष वजन आहे, कारण त्याचं वर्तुळ कामाचं होतं. मारुतीराव कीर तबल्यावर, बासू चक्रवर्ती चेलोवर, मनोहारी सिंग सॅक्सोफोनवर. हे तिघं नुसते वादक नव्हते, पंचमचे साहाय्यक होते. मारुतीराव तर आधी थोरल्या बर्मनांकडेही होते, म्हणजे बापलेक दोघांचं काम आतून पाहिलेला माणूस. बासू आणि मनोहारी यांनी १९७६ च्या ‘सबसे बडा रुपैया’ला जोडीनं स्वतंत्र संगीतही दिलं. त्यांच्याभोवती आणखी माणसं: सिंथेसायझर मुंबईत आणणारे केरसी लॉर्ड, दार्जिलिंगकडून मादल हे तालवाद्य घेऊन आलेले रणजीत गजमेर, ज्यांना सगळे कांचाभाई म्हणत, गिटार आणि हार्मोनिका दोन्ही वाजवणारे भानू गुप्ता, ड्रमवर फ्रँको वाझ, संतूरवर आपले उल्हास बापट. गोवेकर, पारशी, बंगाली, नेपाळी, मराठी अशी ही पंगत. १९६६ च्या ‘तीसरी मंझिल’मध्ये रॉक अँड रोलचा जो धडाका देशानं ऐकला, ज्यावर शम्मी कपूर नाचला, तो अशा माणसांच्या हातांतून आलेला आहे. पंचम स्वतः गायचाही. १९७५ च्या ‘शोले’तलं ‘मेहबूबा मेहबूबा’ त्याच्याच घशातलं. त्या गाण्याच्या सुरुवातीचा विचित्र घुमणारा आवाज बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारून काढला, हे फुंकणाऱ्यांनीच सांगितलेलं आहे. ‘सत्ते पे सत्ता’तली गुळण्यांसारखी गुरगुर ॲनेट पिंटो या गायिकेची. गाणं ऐकून हे कुणालाही उमगलं नसतं.

हे सगळं जमा कसं झालं, तेही सांगायला हवं. पुण्यात ‘पंचममॅजिक’ नावाचा चाहत्यांचा गट आहे. पंचमचा जन्मदिवस २७ जून आणि मृत्युदिवस ४ जानेवारी, या तारखांच्या आसपास त्यांनी वर्षानुवर्षं कार्यक्रम केले. त्यांची रीत महत्त्वाची आहे. नक्कल करणारे गायक उभे करून टाळ्या घ्यायच्या, हा सोपा मार्ग होता. त्याऐवजी ते पंचमच्या वादकांना मंचावर बोलावतात, त्यांच्या हाती वाद्य देतात आणि विचारतात, हा तुकडा कसा सुचला, इथं दुसरं कोण होतं, तालाची गाठ कुठं पडते. बोलणं आणि वाजवणं एकाच जागी होतं. अनिरुद्ध भट्टाचार्जी आणि बालाजी विट्टल यांनी २०११ साली पंचमवर इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं आणि ज्याला चित्रपटविषयक उत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेही दोघं मुळात चाहतेच. ब्रह्मानंद सिंग यांच्या ‘पंचम अनमिक्स्ड’ या माहितीपटाचा कणाही सहकाऱ्यांच्या बोलण्याचाच आहे.

इथं एल्विस प्रेस्लीची आठवण येणं साहजिक आहे, कारण कलावंताच्या आतल्या गोटातल्या माणसांबद्दल जगात सर्वाधिक बोललं गेलं ते त्याच्याच बाबतीत. त्याच्याभोवतीच्या मित्रांना वर्तमानपत्रांनी ‘मेंफिस माफिया’ असं नाव दिलं. ती पगारावरची माणसं, अंगरक्षक, सोबती. त्यांतल्या रेड वेस्ट, सनी वेस्ट आणि डेव्ह हेबलर या तिघांना कामावरून काढलं गेल्यावर त्यांनी एक पुस्तक केलं. ते १ ऑगस्ट १९७७ ला निघालं आणि १६ ऑगस्टला एल्विस गेला. औषधांच्या अतिवापराबद्दल त्यांनी लिहिलं होतं. पुष्कळ चाहत्यांनी त्यांना गद्दार ठरवलं. पण एल्विसला आणखी एक वर्तुळ होतं: गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक, पुढे ड्रमवर डी. जे. फोंटाना. १९५४ च्या जुलैत मेंफिसच्या सन स्टुडिओत पहिली तबकडी घडली तेव्हा मूर आणि ब्लॅक शेजारी उभे होते. पहिलं वर्तुळ माणसाबद्दल सांगतं, दुसरं गाण्याबद्दल. पहिल्याचं खरंखोटं करायला बंद दारामागं काय घडलं ते पाहावं लागेल, जे आता अशक्य आहे. दुसऱ्याचं खरंखोटं करायला तबकडी लावली की पुरे. पंचमच्या चाहत्यांनी बहुतांशी दुसऱ्या वर्तुळाला विचारलं, हे त्यांचं शहाणपण. दारू, संसार, शेवटच्या वर्षांतली उपेक्षा यांवर बोलणारेही आहेतच, पण त्या बोलण्याला मी याच कारणानं कमी किंमत देतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. चाळीस वर्षांनंतरची आठवण विश्वासार्ह कशी? म्हातारा माणूस स्वतःला मधोमध ठेवतो, चाहता भक्तिभावानं ऐकतो, दोघं मिळून दंतकथा रचतात. खरं आहे, असं घडतं. पण या अडचणीवरचा उपाय आपल्याच वऱ्हाडात साडेसातशे वर्षांपूर्वी सापडलेला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करायला घेतल्या, तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता. स्वामी गेलेले, मागं राहिलेली भक्तमंडळी, प्रत्येकाची आठवण वेगळी. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून ऐकलं, मग जो माणूस ज्या प्रसंगाला हजर होता त्याच्याकडे जाऊन ताडून पाहिलं. मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत गेली, तेव्हा महानुभाव पंथानं ती पुन्हा आठवणीतूनच उभी केली आणि एकाचं सांगणं दुसऱ्याशी जुळेना तिथं दोन्ही पाठ नावानिशी जपले. मराठीतला पहिला गद्यग्रंथ, लीळाचरित्र, हा असा निकटवर्तीयांच्या आठवणींचा संग्रह आहे. वेगळं सांगणं खोडून टाकायचं नाही, कुणाचं आहे ते लिहून ठेवायचं, ही त्यातली खरी शिस्त. पंचमच्या एखाद्या तुकड्यावर दोन वादक हक्क सांगतात तिथं चाहत्यांनी आवडता वादक जिंकवू नये. दोघांचं लिहावं, दोघांना वाद्य द्यावं आणि मूळ गाणं शेजारी वाजवावं. लीळाचरित्रकारांना न मिळालेली ही एक सोय आपल्याला आहे: प्रसंग स्वतःच ध्वनिमुद्रित होऊन समोर आहे.

दुसरा आक्षेप पंचमच्या भक्तांकडून येतो आणि तो जरा रागात असतो. सगळं वादकांनीच केलं तर पंचमनं काय केलं? मला वाटतं, आठवणी नीट वाचल्या तर उलटंच दिसतं. भानू गुप्ता सांगत की ‘अमर प्रेम’च्या वेळी सहज गिटार छेडताना त्यांच्याकडून एक चुकीचा कॉर्ड वाजला. पंचम चमकला, तोच पुन्हा वाजवा म्हणाला आणि त्यातून ‘चिंगारी कोई भडके’ उभं राहिलं. चूक गुप्तांची होती, कान पंचमचा. सांताक्रूझच्या त्याच्या घरी बैठकीत बसलेल्या डझनभर माणसांकडून शंभर आवाज निघत असतील, त्यांतला एक उचलायचा आणि नव्याण्णव सोडायचे हा निर्णय एकट्याचा. हा निर्णय कळतो तो टाकलेल्या आवाजांचे साक्षीदार बोलतात तेव्हाच. वारकऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. तुकोबांचे चौदा टाळकरी आपण नावानिशी आठवतो आणि त्यांतले संताजी जगनाडे अभंग लिहून घेत होते म्हणून तुकोबा आपल्याला थोडेही उणे वाटत नाहीत. गावातल्या भजनी मंडळात पखवाजी बदलला की ठेका बदलल्याचं माजघरात बसलेल्या बाईलाही कळतं. सिनेमाच्या गाण्यानं आपल्याला ही सवय मोडायला लावली. तीन नावांत गाणं संपतं असं शिकवलं.

आणि घाई आहे. मारुतीराव आणि बासूदा आधीच गेले होते. मनोहारी सिंग १३ जुलै २०१० ला गेले, केरसी लॉर्ड २०१६ च्या ऑक्टोबरात, भानू गुप्ता २०१८ च्या जानेवारीत. प्रत्येक जण कुणी न विचारलेली काही उत्तरं घेऊन गेला. उल्हास बापटांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. संतूर सहसा वाजवायच्या रागाच्या स्वरांत लावतात. राग बदलला की तारा पुन्हा लावायच्या. बापटांनी बाराही स्वर एका वेळी तारांवर बसवले, त्यामुळे पंचमनं मध्येच पट्टी बदलली, परका स्वर घातला, तरी त्यांना थांबावं लागत नसे. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून शेवटपर्यंत ते पंचमकडे वाजवत राहिले, त्यामागं ही तयारी होती. संगीतकाराची चंचल चाल आणि वादकानं त्यासाठी सज्ज ठेवलेलं वाद्य, हे नातं कुठल्याही तबकडीवर छापता आलं नसतं. ते बापटांनी वाद्य समोर ठेवून लोकांना दाखवलं, लोकांनी ते टिपून ठेवलं. पंचम ४ जानेवारी १९९४ ला गेला. बापट गेले ते २०१८ साली, त्याच तारखेला.