रोजची ऊसफेरी : पिकाला हितकारक, मालकालाही



या पानावर आपण बेणे, खते, पाणी, खोडवा यांविषयी नेहमी वाचता. या खेपेस थोडे उसाच्या मालकाविषयी. गट ऑफिसात सभासद भेटले की पहिला विषय तोडीचा निघतो. मग चहा येतो आणि चार जणांतले दोघे म्हणतात, "साहेब, मला बिनसाखरेचा." साखर पिकवणाऱ्याच्याच घरात मधुमेह आणि ब्लडप्रेशर येऊन बसले आहेत.

"आम्ही शेतकरी, आम्हाला कसला व्यायाम?" असे पुष्कळ जण विचारतात. मोट आणि नांगराच्या काळी ते खरे होते. रात्रीचं दारं धरायलाच मैल-दोन मैल चालणं व्हायचं. आता मशागत ट्रॅक्टरने, बांधणी पॉवर टिलरने, पाणी ठिबकने. मोटारसुद्धा मोबाईलवरून चालू होते. शेतावर जायचे ते मोटारसायकलवर. बांधाला गाडी लावली, ऊस हिरवागार दिसला, की परत. कष्ट कमी झाले, जेवण मात्र पूर्वीइतकेच राहिले.

चालताना मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास साखर एकदम वर चढत नाही. पोटऱ्या आवळतात तेव्हा पायातले रक्त हृदयाकडे ढकलले जाते. नियमाने चालणाऱ्याचा रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते, झोपही चांगली लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे की, मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा. चाल कशी असावी? सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणू गेल्यास दम लागावा, इतपत.

आता आपल्या धंद्याचा हिशेब पाहू. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. सरी पाच फुटी असेल, तर एकरातल्या सगळ्या सऱ्यांची लांबी ८,७१२ फूट होते. म्हणजे २ किलोमीटर ६५० मीटर! लहान उसात एक एकर सरीसरीने पाहून होईतो तेवढी चाल आपोआप होते. पाहताना थांबावे लागते, म्हणून घर ते शेत हे अंतर झपाझप चालावे. ऊस वाढून आत शिरता येईना झाला की बांधावरून फिरावे. चौकोनी एकराला चार फेऱ्या मारल्या की एक किलोमीटर भरतो.

या फेरीत काय पाहावे?

१) लागणीनंतर महिना-दीड महिन्यात नांग्या. त्या वेळीच भराव्यात.

२) लहान उसात वाळलेला पोंगा. ओढल्यावर सहज निघून आला व घाण वास आला, तर खोडकीड समजावी.

३) काणीचा काळा चाबूक. त्यावर आधी पिशवी घालून मग तो कापावा, म्हणजे काळी भुकटी उडत नाही. बेट मुळासकट काढून जाळावे.

४) पावसाळ्यात पिवळी पडणारी, ओढताच उपटून येणारी बेटे. मुळाशी हुमणी आहे का ते उकरून पाहावे.

५) पानाच्या मागे पांढरा कापसासारखा थर. तो लोकरी मावा. २००२ साली तो पश्चिम महाराष्ट्रात आला, तेव्हा रस्त्यावरून पाहणाऱ्याला पाने काळी पडेपर्यंत पत्ता लागत नसे. आत फिरणाऱ्याला दोन-चार सऱ्यांतच सापडे.

यातले एकही मोटारसायकलवरून दिसत नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. अनवाणी फिरू नये. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच नाही, कारण बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. घरी आल्यावर तळवे पाहावेत. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात गुळाचा खडा ठेवावा. घाम फुटून थरथर सुटली की लगेच तोंडात टाकावा. चालताना छातीत दाटले किंवा डाव्या हातात कळ आली, तर तिथेच बसावे, हाक मारून कुणाला बोलवावे व ताबडतोब दवाखाना गाठावा. "पित्त असेल" म्हणून घरी झोपून राहू नये. अंधारात जाणे टाळावे. जावेच लागले तर बूट, बॅटरी व काठी हवी. बिबट्याचा वावर असेल तिथे एकट्याने जाऊच नये.

घरातील भगिनींनाही हे तितकेच लागू आहे. स्वयंपाकघरातली धावपळ म्हणजे चालणे नव्हे. दोघांनी मिळून फेरी केली तर उसावर चार डोळे फिरतील.

फेरीत वावगे काही दिसले तर त्याच दिवशी आपल्या चिटबॉयला सांगावे अथवा गट ऑफिसला कळवावे. प्लॉट आम्ही येऊन पाहू. आपली तब्येत मात्र आपणच पाहावी, ही विनंती. उद्या सकाळी गाडीची किल्ली खुंटीलाच राहू द्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी