जुन्या खेळांसाठीं एकपाटी संगणक कसा निवडावा?

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर एके सायंकाळीं इयत्ता नववींतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन माझ्याकडे आला. वडिलांच्या हातांत एक कागद होता. त्यावर तीन लहान संगणकांचीं नांवें व त्यांपुढें किंमती लिहिलेल्या होत्या, आणि सर्वांत महाग जो होता त्याच्याखालीं मुलानें दोनदां रेघ ओढली होती. वडील म्हणाले, "सर, माझ्या लहानपणीं आमच्या चाळींत एकाच घरीं टीव्हीला जोडावयाचा व्हिडिओ गेम होता. आम्ही दारांत उभे राहून पाहत असूं. माझ्या वडिलांना तो घेणें कधीं जमलें नाहीं. आतां हा म्हणतो कीं, ते खेळ हातावर मावेल एवढ्या संगणकावर खेळतां येतात. ओव्हरटाइमचे थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. यांपैकीं कोणता घ्यावा, एवढें सांगा."

प्रश्न एका वाक्याचा होता, परंतु त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येईना. कष्टाचा पैसा एकदां खर्च झाला म्हणजे परत येत नाहीं. बुरूज बांधूं इच्छिणारानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे. आम्हीही त्या सायंकाळीं बसून हिशेब केला. तो इतर विद्यार्थ्यांच्या व पालकांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें क्रमानें लिहीत आहे.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. नेहमींच्या संगणकाच्या पेटींत गणन करणारा प्रोसेसर, तात्पुरती स्मृति म्हणजे रॅम, चित्र उमटविणारा भाग आणि बाहेरचीं साधनें जोडण्याचे सॉकेट हे बहुधा निरनिराळ्या तुकड्यांवर असतात. एकपाटी संगणकांत हें सर्व एकाच लहानशा पाटीवर बसविलेलें असतें. पडदा, कळफलक व खेळावयाचा कंट्रोलर आपण आपले जोडावयाचे, आणि कायमची साठवण बहुधा नखाएवढ्या मेमरी कार्डावर करावयाची. इंग्लंडांतील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय फाउंडेशन या धर्मादाय संस्थेचा असा पहिला संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं ३५ डॉलर किंमतीस विक्रीस आला. त्याचा मूळ हेतु खेळ हा नव्हताच. केंब्रिज विश्वविद्यालयांत संगणकशास्त्र शिकण्यास येणाऱ्या मुलांना स्वतः प्रोग्रॅम लिहिण्याचा सराव पूर्वीपेक्षां कमी असतो, असें एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांच्या ध्यानांत आलें होतें. म्हणून मुलांना मोकळेपणानें हाताळतां येईल असा स्वस्त संगणक असावा ही त्यांची इच्छा होती. जुन्या खेळांच्या रसिकांनीं तो पुढें आपल्या कामास लावला. आतां दक्षिण कोरियांतील ओड्रॉइड, चीनमधील ऑरेंज पाय इत्यादि अनेक पाट्या बाजारांत मिळतात, आणि त्यामुळेंच निवडीचा प्रश्न उत्पन्न होतो.

जुना खेळ नव्या संगणकावर आपोआप चालत नाहीं, कारण दोघांची भाषा भिन्न असते. १९८३ सालीं जपानांत निन्टेंडो कंपनीनें फॅमिकॉम नांवाचें खेळयंत्र काढलें. त्याच्या प्रोसेसरला ज्या आज्ञा समजत, त्या रास्पबेरी पायच्या प्रोसेसरला मुळींच समजत नाहींत. यासाठीं मध्यें एक प्रणाली लागते, तिला एम्युलेटर म्हणतात. परदेशी पाहुणा उपासनेंत बोलूं लागला म्हणजे त्याच्या शेजारीं दुभाषी उभा राहतो, हें आपण पाहिलेलें आहे. एम्युलेटर हा असाच दुभाषी होय. ही कल्पनाही कांहीं आजची नाहीं. १९६४ सालीं आयबीएम कंपनीनें सिस्टिम ३६० ही नवी संगणकमाला जाहीर केली, तेव्हां गिऱ्हाइकांचे जुने प्रोग्रॅम वायां जाऊं नयेत म्हणून तिनें हीच युक्ति योजिली होती.

आतां दुभाष्याचे श्रम मोजा. वक्ता एक वाक्य बोलतो. परंतु दुभाष्यास तें ऐकावें लागतें, समजून घ्यावें लागतें, आपल्या भाषेंत जुळवावें लागतें आणि मग उच्चारावें लागतें. म्हणून तो वक्त्याहून पुष्कळ चपळ असला पाहिजे. शिवाय एम्युलेटरला केवळ प्रोसेसरचें नव्हे, तर जुन्या यंत्रांतील चित्राच्या व आवाजाच्या भागांचेंही सोंग त्याच वेळीं आणावें लागतें.

हें आकड्यांनीं पाहूं. फॅमिकॉमचा प्रोसेसर सेकंदास सुमारें १७ लक्ष ९० हजार ठोके देई आणि पडद्यावर सेकंदास सुमारें ६० चित्रें उमटत. म्हणजे एका चित्राच्या वाट्यास २९ हजार ८०० च्या आसपास ठोके येत. तेवढ्या ठोक्यांचें सर्व काम एम्युलेटरनें सेकंदाच्या साठाव्या भागांत उरकलें पाहिजे. उशीर झाला कीं खेळ अडखळतो व आवाज तुटतो. २०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पायचे ठोके सेकंदास ७० कोटि होते. म्हणजे फॅमिकॉमच्या एका ठोक्यामागें दुभाष्याच्या हाताशीं जवळजवळ ३९० ठोके. हें भरपूर झालें. परंतु सोनी कंपनीच्या १९९४ च्या प्लेस्टेशनचे ठोके सेकंदास सुमारें ३ कोटि ३९ लक्ष. तेथें एकामागें जेमतेम २० उरतात. निन्टेंडोच्या १९९६ च्या निन्टेंडो ६४ चे ९ कोटि ३७ लक्षांहून अधिक; तेथें तर सातच! एकाच पाटीवर एक खेळ सुरळीत चालतो आणि दुसरा रखडतो, याचें कारण या भागाकारांत आहे. अर्थात् ठोके हेंच सर्वस्व नव्हे. नवा प्रोसेसर एका ठोक्यांत जुन्यापेक्षां अधिक काम करतो. तसेंच प्रोसेसरमध्यें चार गाभे आहेत म्हणून काम चौपट होईल असेंही समजूं नये. एका वक्त्याशेजारीं चार दुभाषी उभे केल्यानें प्रवचन चौपट लवकर संपत नाहीं.

यावरून निवडीचा पहिला प्रश्न निघतो: कोणत्या यंत्राचे खेळ खेळावयाचे आहेत? फॅमिकॉम, सेगा कंपनीचें १९८८ चें मेगा ड्राइव्ह व १९९० चें सुपर फॅमिकॉम एवढ्यांवर समाधान असेल, तर ऑक्टोबर २०२१ मध्यें निघालेला रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू पुरेसा आहे. तो निघाला तेव्हां त्याची किंमत १५ डॉलर होती. त्यावर प्लेस्टेशनचेही बहुतेक खेळ चालतात. निन्टेंडो ६४ किंवा १९९८ चें ड्रीमकास्ट हवें असेल, तर २०१९ चा रास्पबेरी पाय ४ अथवा २०२३ चा रास्पबेरी पाय ५ पाहावा. या दोहोंत दुसरा पुष्कळच वेगवान आहे. प्लेस्टेशन २ वा गेमक्यूब यांच्या आशेनें मात्र या पाट्या घेऊं नयेत. तें काम चांगल्या टेबलावरील संगणकाचें आहे. रॅमच्या मोठ्या आकड्यालाही भुलूं नये. फॅमिकॉमची कामाची स्मृति अवघी २ किलोबाइट आणि प्लेस्टेशनची मुख्य स्मृति २ मेगाबाइट होती; झीरो २ डब्ल्यूमध्यें ५१२ मेगाबाइट आहे. अधिक रॅमसाठीं अधिक पैसे देणें हें खेळांपुरतें पाहतां बहुधा व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न घरांतील टीव्हीचा. पाय ३ ला एचडीएमआयचा नेहमींचा सॉकेट आहे, झीरो २ डब्ल्यूला मिनी, तर पाय ४ व ५ ला मायक्रो. म्हणून केबल पाहून घ्यावी. घरीं जुना काचेच्या नळीचा टीव्ही असेल तर पाय ३ च्या गोल सॉकेटांतून योग्य केबलनें चित्र व आवाज दोन्ही काढतां येतात. पाय ५ वर तो गोल सॉकेटच नाहीं. झीरो २ डब्ल्यूला साधनें जोडण्यासाठीं एकच लहान सॉकेट आहे. दोघांनीं खेळावयाचें तर त्यास एक यूएसबी हब घ्यावा लागतो.

तिसरा प्रश्न विजेचा व उष्णतेचा. येथें मीं स्वतः ठेंच खाल्ली आहे. घरांत पडलेला मोबाइलचा चार्जर मीं पाटीला लावला, आणि खेळ मंदावला म्हणून दोन दिवस एम्युलेटरला दोष देत बसलों. पडद्याच्या कोपऱ्यांत विजेचें लहानसें चिन्ह दिसत होतें, तिकडे माझें लक्षच गेलें नाहीं. पांच व्होल्टच्या जागीं पुरवठा सुमारें ४.६३ व्होल्टच्या खालीं गेला म्हणजे रास्पबेरी पाय तें चिन्ह दाखवितो व आपला वेग आवरतो. पाय ३ ला २.५ अँपिअरचा, पाय ४ ला ३ अँपिअरचा आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा सांगितलेला आहे. पाटी ८० अंशांच्या पुढें तापली तरीही वेग घटतो. म्हणून पाय ५ सोबत पंख्याचा खर्च धरावाच. तसेंच चालू संगणकाची वीज एकदम तोडल्यास कार्डावरील मजकूर बिघडण्याचा संभव असतो. जेथें वीज वारंवार जाते तेथें कार्डाची एक प्रत काढून ठेवावी.

चौथा प्रश्न प्रणालीचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित असतो. रेट्रोपाय, रिकलबॉक्स, बाटोसेरा, लाक्का या प्रणाली फुकट मिळतात व त्यांत अनेक एम्युलेटर एकत्र केलेले असतात. परंतु प्रत्येक प्रणाली प्रत्येक पाटीवर चालेलच असें नाहीं. कांहीं पाट्या कागदावर रास्पबेरी पायहून वेगवान असतात, तरी त्यांच्या चित्रविभागासाठीं चांगली प्रणाली नसल्यानें तो वेग पदरांत पडत नाहीं. म्हणून आधीं प्रणालीच्या यादींत पाटीचें पूर्ण नांव पाहावें, व मग पाटी घ्यावी. आणि घरीं एखादा जुना लॅपटॉप धूळ खात असेल, तर त्यावरही यांपैकीं बऱ्याच प्रणाली चालतात. मग कांहींच विकत घेण्याची आवश्यकता नाहीं!

इथपर्यंत बापलेक दोघेही संतुष्ट होते. मग मीं विचारलें, "आणि खेळ कोठून आणणार?" मुलगा म्हणाला, "सर, ते इंटरनेटवर फुकट मिळतात."

विद्यार्थिमित्रहो, येथें थोडें थांबावें. एम्युलेटर बनविणें हा स्वतः गुन्हा नव्हे. सन २००० मध्यें अमेरिकेंतील एका अपील न्यायालयानें, सोनी कंपनीनें कनेक्टिक्स कंपनीवर केलेल्या दाव्यांत, असा एम्युलेटर बनविण्यासाठीं केलेला अभ्यास न्याय्य ठरविला. परंतु खेळ ही निराळी वस्तु आहे. आपल्या देशांतील १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमांत संगणकाच्या प्रोग्रॅमलाही वाङ्मयकृतीचेंच संरक्षण आहे, आणि या खेळांची मुदत अद्याप संपलेली नाहीं. जुना आहे किंवा दुकानांत मिळत नाहीं, एवढ्यानें तो बेवारशी होत नाहीं. वडील हंसून म्हणाले, "सर, आमच्या चाळींतल्या त्या कॅसेटवर शेंकडों खेळ आहेत असें छापलेलें असे." मलाही हंसूं आलें. त्या कॅसेटी व तीं यंत्रें बहुतेक नकलीच असत. तें आम्हांला तेव्हां ठाऊक नव्हतें. आतां ठाऊक आहे, आणि जें ठाऊक आहे त्याची जबाबदारी आपणांवर येते.

सुदैवानें सरळ मार्ग आहेत. जुन्या यंत्रांसाठीं आजही नवे खेळ लिहिले जातात. २०१९ सालीं निघालेला मायक्रो मेजेस हा खेळ फॅमिकॉमच्या जातीच्या यंत्रासाठीं अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला असून चौघांना एकत्र खेळतां येतो व तो रीतसर विकत मिळतो. नोव्हा द स्क्विरल हा खेळ तर कर्त्यानेंच मूळ प्रोग्रॅमसह सर्वांस खुला केला आहे. तो खेळतांही येतो व वाचतांही येतो.

सरतेशेवटीं मुलानें स्वतःच कागदावरील रेघा खोडल्या. घरीं लॅपटॉप नव्हता; टीव्ही नवा होता; वडिलांना हवे होते ते खेळ फॅमिकॉमच्या काळचे. तेव्हां झीरो २ डब्ल्यू, योग्य वीजपुरवठा, एक खात्रीचें कार्ड, एक हब व दोन कंट्रोलर असा हिशेब झाला. सर्वांत महाग पाटीहून हें सर्व मिळून स्वस्त पडलें, आणि उरलेल्या पैशांत थोरल्या बहिणीचीं बारावीचीं पुस्तकें आलीं.

नाताळच्या सुटीनंतर मुलगा भेटला. रविवारीं उपासनेनंतर तासभरच खेळावयाचें, असा घरचा नियम ठरला आहे असें तो म्हणाला. आणि बाबा अजून हरतात, असेंही त्यानें आनंदानें सांगितलें. मग त्यानें विचारलें, "सर, त्या दुभाष्याला जुन्या यंत्राची भाषा शिकविली कोणी?" मीं त्याला सांगितलें कीं, तुझ्यासारख्याच कोणी तरी जुनें यंत्र उघडून, एकेक आज्ञा पारखून, तिचा अर्थ लिहून ठेवला. आतां शनिवारीं दुपारीं शाळेच्या प्रयोगशाळेंत आम्ही दोघे त्या आज्ञांची यादी वाचीत असतों. पहिल्या दहा आज्ञा झाल्या आहेत. आणखी कोणास यावयाचें असेल तर त्यानें वही घेऊन यावें.